वेबपान कोठे घडावे? सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातील श्रमविभागणी

पावसाळ्यात भामरागडकडे निघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पर्लकोटा नदीवरील पुलाचा. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधून वाहणाऱ्या या नदीला पूर आला, की जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जाई आणि इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांच्या संगमावर वसलेल्या या तालुक्याच्या गावाचा आलापल्लीकडील रस्त्याशी संबंध तुटे, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. दक्षिणेला सिरोंचा येथेही स्थिती वेगळी नाही. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर प्राणहिता हे नाव धारण करणारी नदी सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून सोडलेले पाणी वैनगंगेच्या काठाने गडचिरोलीतील गावांपर्यंत पोहोचते. त्यामुळे धरणाचे किती दरवाजे उघडले, नदीची पातळी किती वाढली आणि कोणता रस्ता बंद झाला, ही येथे केवळ बातमी नसते. रुग्णाला आज हलवायचे की उद्या, हा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो.

अशी माहिती देणारे एखादे संकेतस्थळ उदाहरणादाखल घेऊ. कमकुवत सिग्नल असलेल्या मोबाइलवर ते उघडले असता कधी लगेच आकडे दिसतात, तर कधी पांढरे कोरे पान आणि मधोमध फिरणारे वर्तुळ दिसत राहते. दोन्ही वेळा नेटवर्क तेच आणि सर्व्हरवरील माहितीही तीच असू शकते. फरक असतो तो पान कोठे घडविले जाते यात. सर्व्हरवर घडविलेले पान आणि वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये घडविलेले पान, या दोन पद्धतींचा इतिहास, त्यांचे गुणदोष आणि दोहोंचा मेळ घालून माहिती मिळविण्याची रीत हा वेबनिर्मितीतील गेल्या दोन दशकांमधील एक महत्त्वाचा विषय ठरला आहे.

पूर्वपीठिका

वेबच्या आरंभीच्या काळात पान सर्व्हरवरच तयार होत असे. १९९३ च्या सुमारास आलेल्या सीजीआय या संकेतामुळे सर्व्हरवरील आज्ञावली चालवून तिचे उत्तर एचटीएमएल स्वरूपात पाठविणे शक्य झाले. १९९५ मध्ये पीएचपी ही भाषा जाहीर झाली आणि डेटाबेसमधील माहिती घेऊन पान रचण्याचे काम बरेच सोपे झाले. या पद्धतीत ब्राउझरचे काम फार मर्यादित असे. आलेले पान दाखवावे आणि दुव्यावर क्लिक होताच नवे पान मागवावे, इतकेच. पानावरील एकच आकडा बदलायचा असला तरी संपूर्ण पान पुन्हा मागवावे लागे.

जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषाही १९९५ मधलीच. मात्र तिला सर्व्हरशी परस्पर बोलण्याची सोय मिळाली ती नंतर. मायक्रोसॉफ्टने १९९९ मधील इंटरनेट एक्स्प्लोरर ५ या आवृत्तीत तशी सुविधा आणली. तिचे सामर्थ्य सर्वसामान्यांच्या लक्षात आले ते २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गुगल मॅप्स यांच्यामुळे. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्रसमूहाला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. पान जागेवरच ठेवून त्यातील हवा तेवढाच भाग बदलण्याची ही रीत लवकरच सर्वत्र पसरली.

पुढील पायरी म्हणजे संपूर्ण पानच ब्राउझरमध्ये घडविणे. २०१० मध्ये बॅकबोन आणि अँग्युलर-जेएस ही साधने आली आणि ‘एकपानी अ‍ॅप’ ही कल्पना रुजली. या पद्धतीत सर्व्हर जवळजवळ रिकामे पान पाठवितो. त्याच्यासोबत जावास्क्रिप्टची मोठी फाइल येते. ती चालू झाल्यावर ब्राउझर सर्व्हरकडे माहिती मागतो आणि ती जेसन या स्वरूपात मिळाल्यानंतर पान रचतो.

घरगुती उदाहरण द्यायचे तर पहिली पद्धत म्हणजे ताट वाढून पाठविणे आणि दुसरी म्हणजे शिधा पाठविणे. वाढलेले ताट लगेच खाता येते, पण दुसरा पदार्थ हवा असेल तर नवे ताट मागवावे लागते. शिधा घरात असला की हवे ते रांधता येते, पण पहिला घास तोंडी पडेपर्यंत थांबावे लागते. चूल आणि भांडी बरी नसली तर ते थांबणे आणखी लांबते.

कोऱ्या पानाचे गणित

ब्राउझरवर सगळा भार टाकण्यात उणीव कोठे आहे, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. मोबाइलने सर्व्हरकडे निरोप पाठवून उत्तर येण्यास ६०० मिलिसेकंद लागतात असे धरू. ब्राउझरमध्ये घडणाऱ्या पानाला अशा किमान तीन फेऱ्या एकामागून एक कराव्या लागतात. पहिल्या फेरीत रिकामे पान, दुसऱ्या फेरीत जावास्क्रिप्ट आणि तिसऱ्या फेरीत प्रत्यक्ष माहिती. म्हणजे केवळ निरोपांच्या ये-जा करण्यातच १.८ सेकंद जातात.

खरा विलंब त्यापुढे आहे. जावास्क्रिप्टची फाइल ५०० किलोबाइटची असेल आणि सिग्नल सेकंदाला १०० किलोबिट एवढाच मिळत असेल, तर ती उतरण्यास ४० सेकंद लागतील. हीच पाणीपातळी सर्व्हरने २० किलोबाइटच्या तयार पानात छापून पाठविली, तर ती दोन सेकंदांच्या आत उतरू शकते. सर्व्हर आणि डेटाबेस बहुधा एकाच ठिकाणी असल्याने त्यांच्यातील देवाणघेवाण काही मिलिसेकंदांत आटोपते. तीच देवाणघेवाण मोबाइलने जंगलातून करायची म्हटली, की प्रत्येक फेरीची किंमत मोजावी लागते. शिवाय उतरलेली जावास्क्रिप्ट वाचून चालविण्याचे काम मोबाइलच्याच प्रोसेसरला करावे लागते, आणि स्वस्त मोबाइलवर हा वेळ दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

याउलट सर्व्हरवर घडणाऱ्या पानाच्याही मर्यादा आहेत. नकाशा सरकविणे, यादीतून तालुका निवडणे, अर्ज भरताना चूक दाखविणे यांसारख्या प्रत्येक कृतीसाठी पूर्ण पान मागविणे जाचक ठरते. पूर आलेला असताना हजारो लोक एकाच वेळी पान उघडतात, तेव्हा प्रत्येकासाठी ते नव्याने रचण्याचा भारही सर्व्हरवर पडतो.

ट्विटरचा परतीचा प्रवास

या प्रश्नाचे बोलके उदाहरण ट्विटरचे आहे. २०१० मध्ये ट्विटरने आपल्या संकेतस्थळाची रचना बदलून पान घडविण्याचे बहुतेक काम ब्राउझरकडे सोपविले. परंतु पहिला मजकूर दिसण्यास लागणारा वेळ वाढला. मे २०१२ मध्ये कंपनीने हे काम पुन्हा सर्व्हरकडे नेल्याचे जाहीर केले आणि पान प्रथम उघडण्याचा वेळ पूर्वीच्या एकपंचमांशावर आल्याचे सांगितले. मोठ्या कंपनीने उघडपणे घेतलेल्या या माघारीमुळे ‘सर्व काही ब्राउझरमध्ये’ या आग्रहाचा पुनर्विचार सुरू झाला. तथापि जुन्या पद्धतीकडे पूर्णतः परतणेही कोणाला नको होते. पहिले पान सर्व्हरने द्यावे आणि पुढील व्यवहार ब्राउझरने सांभाळावा, असा मधला मार्ग शोधला जाऊ लागला.

एकच आज्ञावली, दोन ठिकाणी

या मार्गातील मुख्य अडसर भाषेचा होता. सर्व्हरवर पीएचपी किंवा जावा, तर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. त्यामुळे एकाच पानाची रचना दोनदा लिहावी लागे आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे करायचा राहून जाई. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड-जेएस सादर केल्यानंतर जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सहज चालू लागली. २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट हे साधन सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी एअरबीएनबीने बॅकबोनवरील अ‍ॅप दोन्हीकडे चालविणारे रेंडर हे साधन खुले केले. २०१६ मध्ये रिअ‍ॅक्टसाठी नेक्स्ट-जेएस आणि व्ह्यूसाठी नक्स्ट ही साधने आली. त्यांच्यामुळे एकच आज्ञावली सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये चालविणे ही रोजच्या वापरातील गोष्ट झाली.

या संयुक्त पद्धतीत घडणारा क्रम असा असतो. मागणी येताच सर्व्हर डेटाबेसमधून माहिती घेतो. ती वापरून संपूर्ण एचटीएमएल पान तयार करतो. हे पान मोबाइलवर येताच वाचता येते, कारण मजकूर त्यातच असतो. मागाहून जावास्क्रिप्ट उतरते, आलेल्या पानाची रचना ओळखते आणि त्यातील बटणे, याद्या व नकाशे यांना कार्यान्वित करते. या शेवटच्या पायरीला ‘हायड्रेशन’ म्हणतात. वाळलेल्या वस्तूला पाणी देऊन टवटवीत करावे, तसा काहीसा हा प्रकार आहे. पान दिसते आधी आणि हालचाल करू लागते नंतर. या दोहोंमधील काळात बटण दाबले तरी काहीच घडत नाही, ही या पद्धतीची जाणवणारी उणीव होय. म्हणूनच अत्यावश्यक दुवे आणि अर्ज जावास्क्रिप्टविनाही चालतील, असे ठेवणे शहाणपणाचे ठरते.

माहिती सोपविण्याची रीत

या व्यवस्थेतील कळीचा मुद्दा माहितीचा आहे. सर्व्हरने पान रचताना पाणीपातळीचे आकडे मिळविले. आता ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट जागी झाली, की तिलाही तेच आकडे हवे असतात. त्याखेरीज तिला पानाची रचना जुळविता येत नाही. ते तिला सोपविले नाहीत, तर ती सर्व्हरकडे पुन्हा तीच मागणी करते. म्हणजे वाढलेले ताट समोर असताना पुन्हा बाजारहाट. डेटाबेसवरील भार दुप्पट होतो, मोबाइलचा डेटा खर्ची पडतो आणि कधी कधी दिसत असलेले आकडे पुसले जाऊन पुन्हा फिरते वर्तुळ दिसू लागते.

हे टाळण्यासाठी सर्व्हर मिळविलेली माहिती जेसन स्वरूपात पानातच शिदोरीसारखी बांधून देतो. जावास्क्रिप्ट जागी होताच प्रथम ही शिदोरी उघडते आणि ती आपल्या साठवणीत ठेवते. पुढे वापरणाऱ्याने दुसरा तालुका निवडला, तर तेवढीच नवी माहिती मागविली जाते. टॅनस्टॅक क्वेरीसारख्या साधनांत ही सोय तयार मिळते. मात्र तेथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. माहिती किती काळ ताजी मानायची, याचे या साधनातील मूळ मूल्य शून्य आहे. ते तसेच राहू दिले, तर शिदोरी मिळूनही ब्राउझर लगेच नवी मागणी करतो. सर्व्हरवर पान घडविताना ही मुदत शून्याहून अधिक ठेवणे म्हणूनच आवश्यक असते.

कोणती माहिती कोणी आणावी?

दोन पद्धतींचा मेळ म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे करणे नव्हे. प्रत्येक माहितीचा स्वभाव पाहून तिचे स्थान ठरवावे लागते. पूरमाहितीच्या पानावरील मजकुराचे या दृष्टीने चार गट पडतात.

पहिला गट क्वचित बदलणाऱ्या माहितीचा. नद्यांची नावे, मापनकेंद्रांची ठिकाणे, इशारा पातळी आणि धोक्याची पातळी, नियंत्रण कक्षाचा क्रमांक यांसाठी प्रत्येक मागणीला डेटाबेस गाठण्याचे कारण नाही. असा भाग आधीच तयार करून ठेवता येतो.

दुसरा गट ठराविक अंतराने बदलणाऱ्या माहितीचा. पूरकाळात पाणीपातळीच्या नोंदी साधारणतः तासातासाला घेतल्या जातात. ही माहिती सर्व्हरने पानात छापावी आणि तयार पान काही मिनिटे साठवून सर्वांना तेच द्यावे. हजार लोकांनी पान उघडले तरी डेटाबेसला एकदाच तसदी पडते.

तिसरा गट वापरणाऱ्याच्या कृतीवर अवलंबून असणाऱ्या माहितीचा. नकाशा जवळ घेणे, मागील आठवड्याचा आलेख पाहणे, आपला तालुका निवडणे हे काम ब्राउझरचे. नकाशाची आज्ञावली जड असते. ती पानासोबत न देता ‘नकाशा पाहा’ असे म्हटल्यावरच उतरविणे इष्ट.

चौथा गट खासगी माहितीचा. नोंदणी केलेल्या व्यक्तीचे नाव, तिचा अर्ज, तिचे आरक्षण यांचा समावेश असलेले पान सर्वांसाठीच्या साठवणीत कदापि जाऊ नये. सामायिक पान सर्व्हरने द्यावे आणि खासगी भाग ब्राउझरने स्वतंत्रपणे मागवावा, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग मानला जातो.

माहिती किती वेळाने ताजी करावी, याचे उत्तरही तिच्या उगमातच सापडते. वणव्यांचे उदाहरण पाहावे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानगळीच्या जंगलांत याच काळात वाळलेला पाचोळा पेट घेतो. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहीय माहितीवरून वणव्यांच्या सूचना देत आली आहे. आरंभी त्यासाठी सुमारे एक किलोमीटर क्षमतेच्या मोडिस संवेदकाचा वापर होई. २०१७ पासून ३७५ मीटर क्षमतेच्या व्हिअर्स संवेदकाच्या माहितीचीही जोड मिळाली. असा संवेदक वाहणारा एक उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दिवसातून साधारण दोनदाच जातो. म्हणजे नवी माहिती येते ती दिवसातून मोजक्या वेळा. असे असता पानाने दर पाच सेकंदांनी सर्व्हरला ‘नवे काही आहे काय’ असे विचारत राहणे व्यर्थ आहे. त्याने वणवा लवकर कळत नाही. वनरक्षकाच्या मोबाइलची बॅटरी मात्र लवकर उतरते.

नेहमी होणाऱ्या चुका

संयुक्त पद्धतीत काही चुका वारंवार आढळतात. त्यांतील पहिली म्हणजे सर्व्हरने रचलेले आणि ब्राउझरने रचलेले पान एकसारखे नसणे. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे १५ जुलैच्या पहाटे ४ वाजताची नोंद सर्व्हर १४ जुलै, रात्री १०.३० अशी छापतो आणि क्षणभराने ब्राउझर ती बदलून १५ जुलै करतो. पूरस्थितीत तारखेचा असा घोळ केवळ दिसण्यापुरता राहत नाही. जावास्क्रिप्ट चालू होण्यापूर्वीच पान वाचून जो निघून गेला, त्याने चुकीची वेळ वाचलेली असते. वेळ दाखविताना भारतीय प्रमाणवेळ दोन्हीकडे स्पष्टपणे नमूद करणे, हा त्यावरील उपाय.

दुसरी चूक एकामागून एक मागण्यांची. आधी जिल्हा आणायचा, मग त्यातील नद्या, मग प्रत्येक नदीची केंद्रे आणि शेवटी प्रत्येक केंद्राची पातळी, अशी उतरंड रचली, तर विलंब साचत जातो. सर्व्हरवर हे काम हलविल्याने प्रत्येक फेरी लहान होते, पण उतरंड कायम राहिली तर दोष पूर्णपणे जात नाही. परस्परांवर अवलंबून नसलेल्या मागण्या एकाच वेळी कराव्यात आणि शक्य तेथे एकाच प्रश्नात सर्व माहिती मिळवावी.

तिसरी चूक सुरक्षिततेशी निगडित आहे. पानात बांधलेली शिदोरी ही कोणालाही वाचता येते. डेटाबेसमधील संपूर्ण नोंद तशीच पानात घातली, तर पडद्यावर न दिसणारे मोबाइल क्रमांक वा पत्तेही बाहेर जातात. म्हणून पडद्यावर लागेल तेवढीच माहिती वेगळी काढून द्यावी. तसेच नागरिकांनी लिहिलेल्या मजकुरात स्क्रिप्ट बंद करणारी खूण दडलेली असू शकते. ती निष्प्रभ न करता मजकूर पानात घातला, तर परक्याची आज्ञावली वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू लागते.

चौथी चूक सर्व्हरच्या स्मृतीची. ब्राउझरमधील साठवण एका व्यक्तीची असते, तर सर्व्हरवर एकच आज्ञावली अनेकांची कामे करीत असते. ब्राउझरसाठी लिहिलेली सामायिक साठवण सर्व्हरवर जशीच्या तशी वापरली, तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका उद्भवतो. प्रत्येक मागणीसाठी नवी साठवण निर्माण करणे हा येथील नियम आहे.

पाचवी चूक अपयशाचा विचार न करण्याची. एका मापनकेंद्राची माहिती मिळाली नाही म्हणून सर्व्हरने संपूर्ण पानच नाकारले, तर उरलेल्या केंद्रांची उपलब्ध माहितीही लोकांपर्यंत पोहोचत नाही. ज्या भागाची माहिती नाही तेथे तसे लिहावे आणि बाकीचे पान द्यावे.

मराठी मजकुराचे वजन

देवनागरी मजकुराच्या बाबतीत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. संयुक्त पद्धतीत तोच मजकूर एकदा पानात आणि एकदा शिदोरीत असा दोनदा जातो. त्यात जेसन तयार करताना अनेक भाषांमधील मूळ सोय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सहा अक्षरी सांकेतिक रूपात लिहिते आणि वजन आणखी वाढते. ही सोय बंद करणे, पान संकुचित करून पाठविणे आणि लांबलचक मजकूर शिदोरीत न घालणे, या तीन उपायांनी पान पुष्कळ हलके होते.

आकड्यांचाही एक घोळ संभवतो. नोड-जेएसच्या २०१९ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपूर्वी त्यात सर्व भाषांचे नियम मुळातून समाविष्ट नसत. त्यामुळे सर्व्हर इंग्रजी अंक छापी आणि मराठी जाणणारा ब्राउझर त्याच जागी देवनागरी अंक रचू पाही. दोन्हीकडची रचना जुळत नसल्याने पान अडखळे. जुन्या सर्व्हरवर चालणाऱ्या संकेतस्थळांनी ही बाब आजही तपासून पाहण्यासारखी आहे.

शिळी माहिती आणि तिची वेळ

मे २०१० मध्ये आरएफसी ५८६१ या दस्तऐवजात एक उपयुक्त कल्पना मांडली गेली. साठविलेली माहिती शिळी झाली असली तरी ती लगेच द्यावी आणि मागाहून नवी आणून ठेवावी, असे तिचे सार. २०१९ मध्ये आलेल्या एसडब्ल्यूआर या साधनाचे नावही याच कल्पनेच्या आद्याक्षरांवरून पडले. सर्व्हिस वर्कर या सुविधेमुळे नेटवर्क पूर्णपणे गेले असतानाही शेवटचे पान मोबाइलवर दाखविणे शक्य झाले.

दुर्गम भागासाठी ही सोय मोलाची आहे, तितकीच ती जपून वापरण्याचीही आहे. सकाळी आठची पातळी दुपारी दोन वाजता दाखविली आणि ती कधीची आहे हे सांगितले नाही, तर पान कोरे दिसणे त्याहून बरे. कोऱ्या पानाने कोणाची दिशाभूल होत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यालगत त्याची नोंद कधीची आहे ते लिहिले पाहिजे, आणि ही वेळ पान उघडल्याची नसून मापनाची असली पाहिजे. जुनी माहिती दाखविली जात असेल तर ते ठळकपणे सांगितले पाहिजे. माहिती लवकर दिसणे आणि माहिती खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुकड्यातुकड्यांनी येणारे पान

सर्व्हरने सर्व माहिती गोळा होईपर्यंत थांबून मगच पान पाठवावे, हे बंधनही आता उरलेले नाही. फेसबुकने २०१० मध्ये बिगपाइप या नावाने पान तुकड्यातुकड्यांनी पाठविण्याचे तंत्र मांडले होते. मार्च २०२२ मधील रिअ‍ॅक्ट १८ मुळे हे तंत्र सर्वसामान्य निर्मात्यांच्या हाती आले. इशारा आणि बंद रस्त्यांची यादी आधी जाते. संथ गतीने मिळणारा आलेख त्याच जोडणीतून मागाहून येतो आणि आपल्या जागी बसतो.

त्याच्याही पुढचा विचार म्हणजे जावास्क्रिप्टच कमी पाठविणे. डिसेंबर २०२० मध्ये रिअ‍ॅक्टने ‘सर्व्हर कॉम्पोनंट’ ही कल्पना मांडली आणि २०२२ मधील नेक्स्ट-जेएस १३ मध्ये ती वापरात आली. पानाचे जे भाग केवळ वाचायचे आहेत, त्यांची आज्ञावली ब्राउझरकडे पाठविलीच जात नाही. २०१९-२० च्या सुमारास पुढे आलेल्या ‘बेटांच्या’ रचनेचे तत्त्वही असेच आहे. पानाचा बहुतांश भाग स्थिर एचटीएमएल आणि त्यात नकाशा वा शोधपेटी एवढीच काही हालती बेटे. अ‍ॅस्ट्रो हे साधन याच तत्त्वावर उभे आहे.

ताडोब्यातील रिकाम्या जागा

संयुक्त पद्धतीची कसोटी पाहणारे दुसरे उदाहरण आरक्षणाचे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मोहर्ली, कोलारा, नवेगाव आदी प्रवेशद्वारांतून सकाळी आणि दुपारी सफारी सुटतात. वाहनांची संख्या मर्यादित असते आणि आरक्षण ऑनलाइन होते.

अशा कोणत्याही आरक्षणात प्रवेशद्वारांची माहिती, नियम आणि शुल्क हा सर्व्हरने छापण्याचा भाग. निवडलेल्या तारखेच्या रिकाम्या जागा हा ब्राउझरने मागविण्याचा भाग. परंतु पडद्यावर ‘दोन जागा शिल्लक’ असे दिसले, तरी ते काही क्षणांपूर्वीचे चित्र असते. तेवढ्यात दुसऱ्या कोणी त्या घेतल्या असतील. म्हणून जागा मिळाली की नाही याचा निर्णय ब्राउझरच्या हाती देता येत नाही. तो सर्व्हरने डेटाबेसमध्ये जागा रोखून धरून, एकाच अखंड व्यवहारात करायचा असतो. शुल्काची रक्कमही ब्राउझरने सांगितलेली न मानता सर्व्हरनेच नव्याने मोजायची. ब्राउझर माहिती दाखवितो आणि सर्व्हर तिची ग्वाही देतो, ही विभागणी पान कोठेही घडले तरी बदलत नाही.

निवड कशी करावी?

नव्याने संकेतस्थळ उभारणाऱ्याने प्रथम चार प्रश्न विचारावेत. पान उघडताच वाचकाला कोणती एक गोष्ट दिसलीच पाहिजे? ती माहिती किती वेळाने बदलते? ती सर्वांसाठी एकच आहे की व्यक्तीगणिक वेगळी? आणि नेटवर्क मध्येच तुटले तर वाचकाच्या हाती काय उरेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्व्हरने छापायचा मजकूर ठरविते. दुसऱ्यावरून साठवणीची मुदत ठरते. तिसऱ्यावरून सामायिक आणि खासगी यांच्यातील सीमा आखता येते. चौथ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण संकेतस्थळे बहुधा शहरातील वेगवान नेटवर्कवर तयार होतात आणि तेथेच तपासली जातात.

प्रत्येक संकेतस्थळाला ही सर्व यंत्रणा लागते असेही नाही. ग्रामसभेची सूचना किंवा तेंदूपानांच्या लिलावाची जाहिरात यांसाठी साधे एचटीएमएल पान पुरेसे असते. ज्या पडद्यावर अधिकारी दिवसभर काम करतात, तेथे सारे काही ब्राउझरमध्ये घडले तरी चालते. दोहोंचा मेळ आवश्यक होतो तो लवकर वाचता येणारी माहिती आणि पुढील हालचाल, दोन्ही एकाच पानावर हवी असतील तेव्हा.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. येथे रस्ता, वीज आणि मोबाइलचा मनोरा यांपैकी एखादी गोष्ट पावसाळ्यात केव्हाही साथ सोडू शकते. अशा ठिकाणी सिग्नलची एक रेषा मिळण्यासाठी माणूस टेकडीवर जाऊन उभा राहतो. त्याला मिळालेल्या त्या मिनिटभरात ‘पूल बंद आहे, नोंद सकाळी ७ वाजताची’ एवढी एक ओळ पोहोचली, तर त्या पानाने आपले काम केले असे म्हणता येईल. नकाशा आणि आलेख मागाहून आले तरी चालतात.